सात वाजून पंचवीस मिनिटं

डॉक्टर पिसाळांचा फोन आला तेव्हा मी पुण्यातल्या आमच्या संस्थेच्या प्राणिगृहात होते. मंगळवारी सकाळी उंदरांची वजनं करायची असतात, ते काम त्या दिवशी दुपारी सव्वाएकपर्यंत लांबलं होतं. नंबर कऱ्हाडचा होता. आमच्या यंत्राबद्दल कुठून ना कुठून असे फोन रोज यायचे, म्हणून हातमोजे न काढताच मी स्पीकर लावला.

"हर्षदा मॅडम, मी डॉ. पिसाळ. एकाहत्तर वर्षांच्या बाई आहेत. उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. घड्याळ पाच तास चाळीस मिनिटं दाखवतंय. म्हणजे सकाळी सात पंचवीसला सुरुवात. पण मुलगा म्हणतो, सव्वाअकराला त्यांनी चहा घेतला, चांगल्या बोलत होत्या. एकोणीस द्यायचं की नाही?"

"घड्याळाचं ऐका," मी म्हटलं. "मुलं असंच सांगतात."

डॉ. पिसाळ म्हणाल्या, "मॅडम, पेशंटचं नाव सुलभा थोरवडे. तुमच्या आई आहेत ना त्या? म्हणून तुम्हालाच फोन केला."

हे घड्याळ आणि हे औषध काय होतं ते आधी सांगायला हवं.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तिच्या पलीकडच्या काही पेशी मिनिटांत मरतात. त्यांच्याभोवती एक पट्टा असतो, तिथल्या पेशी अर्धमेल्या, पण जिवंत असतात. मरणाऱ्या पेशी जाता जाता एक रसायन बाहेर ओततात. एरवी हेच रसायन एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतं. पण एकदम एवढं आलं की शेजारची पेशी त्या माऱ्यानंच मरते, मग तिच्या शेजारची. गुठळी निघेपर्यंत हा मारा थोपवून धरायचा, हे आमच्या के-एकोणीस या औषधाचं काम.

असली औषधं उंदरांमध्ये गेली पन्नास वर्षं लागू पडत होती आणि माणसांत एकामागून एक नापास होत होती. उंदराची रक्तवाहिनी आम्हीच बारीक धागा सारून बंद करतो आणि अर्ध्या तासाच्या आत औषध टोचतो. माणूस न्हाणीघरात पडतो. घरचे आधी तोंडावर पाणी मारतात, मग शेजाऱ्यांना बोलावतात, मग गाडी शोधतात. आणि उशिरा दिलेलं औषध नुसतं वाया जातं असंही नाही. साडेतीन-चार तास उलटले की वाचलेल्या पेशींना एकमेकींशी नवी जोडणी करायला तेच रसायन लागतं. तेव्हा ते अडवलं, तर उंदीर औषध न दिलेल्या उंदरापेक्षाही जास्त लंगडा राहतो. हे आम्ही शेकडो उंदरांत पाहिलं होतं.

म्हणजे झटका नेमका कधी आला हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं. ते सांगणार नातेवाईक, आणि आपल्या माणसाला औषध मिळावं म्हणून ते वेळ कमी करून सांगत. माणसांवरच्या आमच्या पहिल्या चाचणीची त्यामुळे वाट लागली. मग मी घड्याळ केलं. मरणाऱ्या पेशींतून तीन प्रथिनं रक्तात उतरतात. एक लवकर चढतं आणि ओसरतं, दुसरं सावकाश येतं, तिसरं त्याहून सावकाश. कपातला चहा किती निवला आणि त्यावर साय किती धरली हे पाहून तो कधी ओतला ते सांगता येतं, तसंच हे. रक्ताचा एक थेंब आणि बारा मिनिटं. तीन वर्षांत हे यंत्र तालुक्याच्या दवाखान्यांतही पोचलं.

अहवालावर झटक्याची वेळ छापणं सक्तीचं झालं, आणि तिथून दुसरंच काहीतरी सुरू झालं. घरात त्या वेळी कोण होतं हे सगळ्यांनाच माहीत असायचं. कुठे एका सुनेला माहेरी पाठवलं, कुठे वृद्धाश्रमातल्या दोघी आयांना काढून टाकलं, कुठे सख्ख्या भावांनी एकमेकांची तोंडं पाहणं सोडलं. मी या बातम्या वाचायचे. वाईट वाटायचं, पण वाटायचं की यात यंत्राचा काय दोष?

"सुहासला फोन द्या," मी डॉ. पिसाळांना म्हटलं.

सुहास माझा धाकटा भाऊ. कऱ्हाडला आमच्या घराखाली त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. लग्न टिकलं नाही, मूल नाही. आई त्याच्याकडे असायची, म्हणजे खरं तर तो आईपाशी राहिला होता. मी दोन महिन्यांतून एकदा जायचे.

"ताई, अगं, सव्वाअकराला मी स्वतः तिच्या हातात चहा दिला. मग खाली गेलो, एक पंप आला होता. सव्वाबाराला वर आलो तर कप खाली आणि ही अशी."

"सकाळी सात-साडेसातला तू तिला पाहिलंस?"

"पाहिलं की. आंघोळ केली तिनं. पेपर वाचला."

"नीट आठव, सुहास. इन्शुलिनच्या वेळीसुद्धा तू असंच छातीठोक सांगितलं होतंस."

दोन वर्षांपूर्वी तो दोन दिवस आईचं इंजेक्शन विसरला होता आणि दिलं म्हणून सांगितलं होतं. नंतर त्यानंच रडत कबूल केलं. त्याच्या मागे कुणीतरी स्ट्रेचर ढकलल्याचा आवाज येत होता.

"ते वेगळं होतं," तो म्हणाला. "आज मी खोटं बोलत नाहीये, ताई. तू दे म्हण ना त्यांना."

"मॅडम, वेळ चाललीये," डॉ. पिसाळ मध्येच म्हणाल्या. "गुठळी काढायला कोल्हापूरला न्यावं लागेल. द्यायचं असेल तर आत्ताच."

हातमोज्याला उंदरांच्या भुशाचा वास येत होता. अशा दोनशे घरांची प्रकरणं मी तपासली होती. प्रत्येक घरातलं माणूस असंच, याच आवाजात सांगायचं.

"देऊ नका," मी म्हटलं.

कोल्हापूरला साडेतीनला गुठळी निघाली. आई वाचली. उजवा हात आणि पाय गेला, आणि बोलणं गेलं.

आई कऱ्हाड स्टँडवर वाहतूक नियंत्रक होती. सव्वीस वर्षं तिनं गाड्या पुकारल्या. घरीसुद्धा ती तशीच बोलायची. "सुहास, हर्षदा, ताटं लागलेली आहेत, ताबडतोब यावे." भाजीवाले तिला आवाजावरून ओळखायचे. आता तिच्या तोंडून "न... न..." एवढंच निघे, आणि तेही फार जोर केल्यावर.

आईला घरी आणलं त्या आठवड्यात जयवंतमामा आले. त्यांनी अहवाल मागून घेतला, चष्मा लावून वाचला.

"सात पंचवीस," ते म्हणाले. "आणि दवाखान्यात कधी नेलंस? साडेबारा?"

"पाच कमी एकला पोचलो," सुहास म्हणाला.

"म्हणजे साडेपाच तास बहीण माझी पडून होती आणि तू खाली मोटारी गुंडाळत बसलेला."

आई पलंगावर एकदम हलायला लागली. डावा हात उचलून तिनं सुहासकडे दाखवला, चेहरा लाल झाला, "न... न..." करत राहिली.

"बघ," मामा म्हणाले. "तिला सगळं कळतंय. तुझ्यावरच राग आहे तिचा."

मी तिथेच उभी होते आणि काही बोलले नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

त्यानंतर गल्लीत, नात्यात, सुहासच्या दुकानात सगळीकडे ते पसरलं. गिऱ्हाइकं कमी झाली असं नाही, दुकानच त्यानं बंद ठेवलं, कारण आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे. भरवणं, पुसणं, मालिश, कपडे, सगळं तोच करायचा. एक बाई ठेवू या म्हटलं तर नको म्हणाला. कुणी आलं आणि अहवालाचा विषय निघाला की आईचं ते सुरू व्हायचं, हात वर, "न... न...", आणि सुहास उठून मोरीत भांडी घासायला जायचा.

एप्रिलमध्ये मी गेले तेव्हा तो स्वयंपाकघरात आईसाठी पेज ढवळत होता. पाठमोराच म्हणाला, "ताई, तू म्हणतेस तेच खरं असेल."

"काय?"

"मी खूप आठवून पाहिलं. तो चहा आदल्या दिवशीचा असेल. आंघोळ पण आदल्या दिवशीची असेल. रोज तेच तर असतं, त्यातलं कुठलं कधीचं ते कसं सांगणार? त्या दिवशी मी बहुतेक वर आलोच नसेन. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

त्याचे डोळे खोल गेले होते. मी त्याला म्हटलं, "जाऊ दे आता." क्षमा केल्यासारखं म्हटलं. ते आठवलं की अजून मला माझीच शरम वाटते.

मे महिन्यात नसीमकाकू आईला भेटायला आल्या. नसीमकाकू आणि आई चौकशीच्या एकाच खिडकीत बसायच्या, पाळी बदलून. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या सहा महिने सोलापूरला होत्या, परतल्या त्या थेट आमच्याकडे. योगायोगानं मीही त्या दिवशी कऱ्हाडला होते. आईला पाहून त्या रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "सुलभा, तुझा आवाज ऐकल्याशिवाय मला करमत नाही. तिकडे तुझा शेवटचा मेसेज मी रोज ऐकायचे. ऐकवू?"

आईनं मान हलवली. काकूंनी फोनचा आवाज मोठा केला.

"नसीम, सुलभा बोलतेय. तुझ्या लेकीसाठी तिळगूळ केलाय, सुहास पार्सल करेल. त्यानं आत्ताच चहा आणून दिला, बिनसाखरेचा, तो कसा लागतो ते तुला सांगायला नको. बाकी गुडघे सोडून सगळं ठीक. अकरा वाजून बावीस मिनिटं झालेली आहेत, तुझी बाळाला आंघोळ घालायची वेळ, ठेवते."

एक अक्षर अडखळलेलं नव्हतं. मी काकूंच्या हातातून फोन जवळजवळ ओढून घेतला. तारीख तीच होती, जानेवारीतल्या त्या मंगळवारची. वेळ अकरा बावीस.

सुहास दारात उभा होता. हातात आईचा ओला टॉवेल होता. तो तिथेच उंबऱ्यावर बसला. आईनं डावा हात उचलून त्याच्याकडे दाखवलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "न... न..." चार महिने ती एवढंच सांगत होती. त्या दिवशी काय झालं ते पाहिलेली ती एकटीच होती, आणि तिचं म्हणणं आम्ही प्रत्येक वेळी सुहासवरच्या आरोपात जमा करत होतो.

त्याच दुपारच्या गाडीनं मी पुण्याला आले. काय शोधायचं हे मला माहीत होतं, हीच गोष्ट मला अजून छळते. घड्याळ आम्ही बेतलं ते तीन महिन्यांच्या, धडधाकट, एका वजनाच्या उंदरांवर. अगदी सुरुवातीला मी एक गट म्हाताऱ्या, मधुमेही उंदरांचाही घेतला होता, कारण झटका येणारी माणसं तशीच असतात. पण उंदीर म्हातारा व्हायला दोन वर्षं जातात. त्यातले निम्मे भुलीतच मेले. उरले अकरा. त्यांच्यात घड्याळ पळत होतं. रक्तवाहिन्या आधीच ताठर झालेल्या, पेशी आधीच थकलेल्या, त्यामुळे ती प्रथिनं भराभर उतरत होती आणि एका तासाचा झटका चार तासांचा दिसत होता. वरून परवानगीची मुदत जवळ आली होती. आम्ही सगळे दमलो होतो. जुन्या नोंदींत त्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलेलं सापडलं: "वयामुळे निष्कर्ष विश्वासार्ह नाहीत. गट वगळावा." खाली माझी सही होती.

दुसऱ्या दिवशी मी ते पान संचालक डॉ. केळुसकरांच्या टेबलावर ठेवलं.

"अकरा उंदीर आणि एक व्हॉइस मेसेज," ते म्हणाले. "यावर देशभरातली यंत्रं बंद करायची? हर्षदा, तू शास्त्रज्ञ आहेस. नीट प्रयोग लाव. चाळीस म्हातारे उंदीर घे."

"ते म्हातारे व्हायला दोन वर्षं लागतील."

"मग दोन वर्षं. घाई करून आधी एकदा चूक झालीये असं तूच म्हणतेस ना?"

त्यांचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. मी असते त्यांच्या जागी तर तेच म्हटलं असतं. पण दोन वर्षं, दर दिवशी, किती गावांत किती जणांना औषध नाकारलं जाईल, आणि किती सुहास आपल्याच आठवणीवर पाणी सोडतील, हे डोळ्यांपुढून हलेना. मी खोलीत येऊन त्या अकरा उंदरांच्या नोंदी, वगळल्याच्या शेऱ्यासकट, यंत्र वापरणाऱ्या प्रत्येक दवाखान्याला पाठवल्या. वर चार ओळी लिहिल्या: साठीच्या पुढचे आणि मधुमेह असलेले पेशंट असतील तर घड्याळावर विसंबू नका. घरच्यांना विचारा. स्कॅन पाहा. ही चूक माझी आहे.

संध्याकाळपर्यंत मला निलंबित केलं होतं. विनापरवाना माहिती बाहेर दिली म्हणून चौकशी लागली, ती अजून चालू आहे. दहा दिवसांनी साठीवरच्या पेशंटसाठी यंत्राचा वापर थांबवण्याचा आदेश निघाला. मग पत्रं यायला लागली. शिव्या होत्या, कोर्टाच्या धमक्या होत्या, ते सगळं मी वाचू शकले. वाचता आलं नाही ते बार्शीच्या एका बाईचं पत्र. अहवालाचा फोटो आणि खाली एवढंच: "माझी सासू पंचाहत्तर वर्षांची होती. साखर होती. तर मग मी खरंच बोलत होते ना?" तिला मी काय लिहावं यावर दोन दिवस घालवले. शेवटी लिहिलं, "हो."

जूनमध्ये बॅग भरून कऱ्हाडला गेले. सुहासला यंत्र चुकलं एवढं कळलं होतं. अकरा उंदरांचं मी त्याला तोंडानं सांगायचं ठेवलं होतं. तो गॅलरीत आईची चादर वाळत घालत होता. मी सगळं सांगितलं, त्या सहीसकट.

"म्हणजे तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"कागदावर होतं. मी लिहिलेलं होतं. त्या दिवशी फोनवर मला ते आठवायला हवं होतं."

"नाही आठवलं?"

"नाही. मला तुझं इन्शुलिन आठवलं."

त्यानं चादरीचं टोक ओढून सरळ केलं. "त्या दिवशी औषध दिलं असतं तर आई बोलली असती?"

याचं उत्तर मी गाडीत तीन तास घोकलं होतं. "बहुतेक. पूर्वीसारखं नाही, पण बोलली असती."

त्यानं चादरीला एकेक चिमटा लावला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आई बोलली असती ते राहू दे," शेवटी तो म्हणाला. "ते तू मुद्दाम केलं नाहीस. पण मी चार महिने स्वतःलाच खोटारडा समजत होतो, ताई. आईला पुसताना वाटायचं, मीच हिला असं केलं." मग चिमट्यांचा डबा माझ्या हातात देत त्यानं विचारलं, "किती दिवस आहेस?"

"पुण्यात आता मला काही काम नाही."

"मग आईचं तू बघ. मला झोपायचंय."

तो आत गेला, भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. दुपारचे बारा वाजले होते.

चारच्या सुमाराला जयवंतमामा आले. यंत्र चुकल्याचं त्यांनीही पेपरात वाचलं होतं. चपला काढून दारातच उभे राहिले.

"सुहास कुठाय?"

"झोपलाय. उठवायचं नाही."

"मी पुष्कळ जणांना पुष्कळ काही बोललो गं," ते म्हणाले.

"मीही बोलले. आता जाऊन तुम्ही सगळ्यांना सांगा, सुहास खरं बोलत होता. एकेकाच्या घरी जाऊन सांगा, फोनवर नको."

त्यांनी आईकडे पाहिलं. आई त्यांच्याकडे एकटक बघत होती, हात उचलला नव्हता. मामा मान खाली घालून निघाले, पायऱ्या उतरताना एकदा थांबले, मग गेले.

आईच्या पेजेची वेळ झाली होती. एवढ्या महिन्यांत मी तिला एकदाही भरवलं नव्हतं, माझ्या फेऱ्यांत ते सुहासच करायचा. पहिला चमचा तोंडात घातला तशी तिला जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मी घाबरून उठले, सुहासला हाक मारायला तोंड उघडलं. आईनं डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं आणि आतल्या खोलीकडे पाहून मान हलवली. नको.

मग तिनं सावकाश हनुवटी छातीकडे झुकवली, तशीच धरून ठेवली आणि माझ्याकडे वर पाहिलं. मला कळेना. तिनं हनुवटी उचलली, पुन्हा झुकवली, आणि बोटानं वाटीकडे दाखवलं. असं मान खाली असताना गिळायचं असतं, तेव्हा ते श्वासनलिकेत जात नाही. मेंदूवर तीस वर्षं काम करून मला हे माहीत नव्हतं.

"असं?" मी विचारलं.

तिनं डोळे मिटून हो म्हटलं. मी अर्धाच चमचा भरला आणि तिच्या ओठांपाशी नेला.